भेटीची परतफेड

१८२९ सालच्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन आपला गोतावळा घेऊन आगबोटीने नॉरफोककडे निघाले होते. बरोबर त्यांची भाचेसून एमिली डोनेल्सन होती. वय बावीस, दिवस भरत आलेले. जॅक्सन विधुर, त्यामुळे व्हाइट हाउसचं यजमानीणपण तिच्याच गळ्यात पडलं होतं. उकाड्याने तिला घेरी आल्यासारखं झालं. जवळच युद्धमंत्र्यांची बायको पेगी ईटन होती. तिने लगबगीने आपला पंखा आणि कोलनची बाटली पुढे केली. एमिलीने दोन्ही नाकारलं. चक्कर येऊन पडले तरी बेहत्तर, पण हिच्या हातचं काही नको! पेगीच्या ते फार जिव्हारी लागलं. तिने नंतर एमिलीच्या नवऱ्याला गाठून सुनावलं, की असंच वागत राहिलात तर अध्यक्ष तुम्हा दोघांची टेनेसीला पाठवणी करणार आहेत, तसं ते माझ्याजवळ बोललेत.

पुढच्या वर्षी एमिली खरंच टेनेसीला गेली आणि बरेच महिने परत आली नाही. आणखी काही महिन्यांनी जॅक्सनचं जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ घरी गेलं. उपराष्ट्राध्यक्षांचं पुढे राष्ट्राध्यक्ष होण्याचं स्वप्न मोडलं आणि ज्याचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं असा एक गुळगुळीत बोलणारा विधुर गृहस्थ त्या खुर्चीपर्यंत पोचला.

त्या काळाबद्दल वाचायला बसलं की जकात, बँक, राज्यांचे हक्क अशी भारदस्त प्रकरणं समोर येतात. ती महत्त्वाची आहेतच. पण मी दरवेळी अडखळते ती त्या कोलनच्या बाटलीपाशी. मत देण्याचा अधिकार नसलेल्या बायकांनी नुसतं भेटायला न जाऊन सरकार खिळखिळं केलं, ही गोष्ट इतिहासकार बरेचदा गंमत म्हणून सांगतात. मला ती तेवढी गमतीची वाटत नाही. जॅक्सनने पेगीसाठी जो जिवाचा आटापिटा केला, तो खरं म्हणजे दुसऱ्याच एका बाईसाठी होता, आणि ती बाई तोवर मातीआड गेली होती.

तिचं नाव रेचेल. डोनेल्सन घराण्यातली मुलगी. पहिलं लग्न लुइस रोबार्ड्स नावाच्या संशयी माणसाशी झालं. संसार फाटला, ती माहेरी आली. तिच्या विधवा आईकडे तेव्हा एक तरुण वकील राहायला होता, तोच जॅक्सन. १७९० च्या अखेरीस व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने रोबार्ड्सला घटस्फोटाचा दावा लावायची परवानगी दिली. परवानगी, घटस्फोट नव्हे. रेचेल आणि जॅक्सन मात्र १७९१ पासून नवराबायको म्हणून राहू लागले. खरा घटस्फोट झाला सप्टेंबर १७९३ मध्ये, तोही बायकोच्या व्यभिचाराचं कारण देऊन. जानेवारी १७९४ मध्ये दोघांनी रीतसर पुन्हा लग्न लावलं. आम्हाला वाटलं घटस्फोट झालाय, असं जॅक्सनची बाजू जन्मभर सांगत राहिली. मला विचाराल तर दोघांनाही सगळं ठाऊक असावं. जॅक्सन कायदा शिकलेला माणूस होता, आणि रोबार्ड्सकडे परत जाण्यापेक्षा लोकांची बोलणी खाणं रेचेलला परवडलं असावं. सरहद्दीवरच्या त्या वस्त्यांमध्ये त्याचं कुणाला फारसं वाटलंही नाही. पस्तीस वर्षं सुखाचा संसार झाला. मूलबाळ झालं नाही. रेचेलच्या भावाचा एक मुलगा दत्तक घेतला, आणि क्रीक या मूळ रहिवासी लोकांशी झालेल्या युद्धात मेलेल्या आईजवळ सापडलेलं लिंकोया नावाचं एक बाळही घरात वाढलं. रेचेल जाडजूड झाली, देवभोळी झाली, पाईप ओढायला लागली.

जॅक्सनचा तापटपणा मात्र जगजाहीर होता. १८०६ मध्ये केंटकीत चार्ल्स डिकिन्सनशी त्याचं द्वंद्व झालं. भांडण घोड्यांच्या शर्यतीच्या पैशांवरून सुरू झालं होतं, पण डिकिन्सन रेचेलबद्दल काहीबाही बोलला असंही सांगतात. आठ पावलांचं अंतर. डिकिन्सन नेमबाज म्हणून प्रसिद्ध. जॅक्सनने मुद्दाम त्याला आधी गोळी झाडू दिली. ती छातीत, काळजाच्या जवळ शिरली. जॅक्सन हलला नाही. त्याने चाप ओढला, पिस्तुलाचा घोडा मध्येच अडकला. त्याने तो शांतपणे पुन्हा मागे ओढला आणि डिकिन्सनला ठार केलं. ती गोळी जॅक्सनच्या छातीत शेवटपर्यंत राहिली.

असा माणूस १८२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. चार उमेदवार. जॅक्सनला ९९, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सला ८४, विल्यम क्रॉफर्डला ४१ आणि हेन्री क्लेला ३७ निर्वाचक मतं, म्हणजे राज्याराज्यांनी नेमलेल्या निर्वाचकांची मतं. हवी होती १३१. कुणालाच बहुमत नाही, म्हणून निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तिथे क्लेने आपलं वजन अ‍ॅडम्सच्या पारड्यात टाकलं. ९ फेब्रुवारी १८२५ ला २४ पैकी १३ राज्यांच्या पाठिंब्यावर अ‍ॅडम्स निवडून आला आणि लगेच त्याने क्लेला परराष्ट्रमंत्री केलं. परराष्ट्रमंत्री म्हणजे त्या काळी पुढचा राष्ट्राध्यक्ष, असा शिरस्ताच होता. जॅक्सनने क्लेला ‘पश्चिमेचा ज्यूडास’ म्हटलं. येशूला धरून देणाऱ्या ज्यूडाससारखी तीस चांदीची नाणी घेतलीच ना शेवटी! सौदा झाला होता की नाही यावर अजून वाद आहेत. लेखी करार कुठे सापडलेला नाही, पण असल्या गोष्टी कागदावर लिहून कोण ठेवतं? एवढं खरं, की पुढची चार वर्षं जॅक्सनच्या लोकांनी ‘भ्रष्ट सौदा’ हा एकच घोष लावून धरला, आणि अ‍ॅडम्सच्या लोकांना त्याला उत्तर म्हणून हाताशी आलं ते रेचेलचं लग्न.

१८२८ ची निवडणूक वाचताना हात धुवावेसे वाटतात. सिनसिनाटीचा संपादक चार्ल्स हॅमंड याने उघड विचारलं, की व्यभिचारी ठरलेली बाई आणि तिचा यार यांना या स्वतंत्र ख्रिस्ती देशाच्या सर्वोच्च जागी बसवायचं का? जॅक्सनच्या आईलाही त्याने सोडलं नाही. ती सैनिकांमागून आलेली वेश्या होती असं छापलं. प्रत्यक्षात ती बाई १७८१ मध्ये चार्ल्सटनला आजारी युद्धकैद्यांची शुश्रूषा करता करता स्वतःच तापाने गेली होती. फिलाडेल्फियाच्या जॉन बिन्सने काळ्या शवपेट्यांची चित्रं असलेलं पत्रक काढलं. जॅक्सनने सेनापती असताना लष्करी शिस्तीच्या नावाखाली गोळ्या घातलेल्या सहा शिपायांच्या त्या सहा पेट्या सगळ्यांत वर. आता दुसरी बाजू सोवळी होती असं समजू नका. अ‍ॅडम्सने रशियात अमेरिकेचा वकील, म्हणजे राजदूत, असताना झारला एक अमेरिकन मुलगी पुरवली, असं न्यू हॅम्पशायरच्या आयझॅक हिलने ठोकून दिलं. डफ ग्रीन या जॅक्सनच्या संपादकाने तर अ‍ॅडम्सच्या बायकोवरही चिखल उडवला. त्यावर जॅक्सनने त्याला कळवलं, की बायकांशी लढाई मी करत नाही, ती भ्याडांची कामं. हे वाक्य लक्षात राहू द्या, पुढे लागेल.

निकाल लागला. जॅक्सनला १७८, अ‍ॅडम्सला ८३. त्या उन्हाळ्यात लिंकोया क्षयाने गेला होता. आणि २२ डिसेंबर १८२८ ला, शपथविधीला जायच्या तयारीत असताना, रेचेल गेली. वॉशिंग्टनच्या त्या महालात राहण्यापेक्षा देवाघरची द्वारपाल झालेली बरी, असं ती म्हणायची. हृदय आधीपासूनच कमकुवत होतं, पण जॅक्सनच्या लेखी हा खून होता, आणि खुनी कोण हेही त्याच्या मनात पक्कं होतं. वॉशिंग्टनला पोचल्यावर त्याने मावळते अध्यक्ष अ‍ॅडम्स यांची रिवाजाप्रमाणे भेट घेतली नाही, आणि अ‍ॅडम्स त्याच्या शपथविधीला आले नाहीत.

अशा मनःस्थितीतल्या माणसापुढे पेगीचं प्रकरण येऊन उभं राहिलं.

पेगीचा बाप विल्यम ओनील वॉशिंग्टनमध्ये ‘फ्रँकलिन हाउस’ नावाचं लॉजिंग-बोर्डिंग चालवायचा. राजधानी तेव्हा नावापुरतीच. १८३० च्या शिरगणतीत शहराची वस्ती १९ हजारांच्याही आत होती, रस्ते चिखलाचे. खासदार मंडळी कुटुंबं गावी ठेवून अधिवेशनापुरती येत आणि अशा खानावळींतून एकत्र राहत. पेगी तिथेच वाढली. पाहुण्यांचे पेले भरता भरता राजकारण कानावर पडत गेलं आणि ती त्यावर तोंड उघडून बोलूही लागली. देखणी होती, हजरजबाबी होती, मोठ्याने हसायची. तिसावं लागायच्या आत तिच्याबद्दलच्या कहाण्या शहरभर होत्या. १८१६ मध्ये तिचं लग्न नौदलातला खजिनदार जॉन टिंबरलेकशी झालं. तो महिनोन्‌महिने समुद्रावर. टेनेसीचा श्रीमंत विधुर सिनेटर जॉन ईटन त्याच लॉजमध्ये उतरायचा, पेगीच्या घराच्या अडीअडचणीला धावायचा, तिला गाडीतून फिरायलाही न्यायचा. जॅक्सन सिनेटर म्हणून आला तेव्हा तोही तिथेच राहिला. मिसेस टिंबरलेक पियानो छान वाजवते आणि रविवारी संध्याकाळी आईसाठी भजनं म्हणते, असं त्याने रेचेलला कौतुकाने लिहिलं होतं.

एप्रिल १८२८ मध्ये टिंबरलेक भूमध्य समुद्रात जहाजावर वारला. फुप्फुसाचा आजार असं कारण दिलं गेलं, तर शहराने ठरवलं की बायकोच्या वागण्याला कंटाळून त्याने गळा कापून घेतला. ईटनने जॅक्सनचा सल्ला विचारला. जॅक्सन म्हणाला, प्रेम असेल तर लग्न कर, लोकांची तोंडं बंद होतील. १ जानेवारी १८२९ ला लग्न झालं. रेचेलला जाऊन तेव्हा दहाच दिवस झाले होते, आणि टिंबरलेकला नऊ महिने. तोंडं बंद व्हायच्या ऐवजी आणखी उघडली. त्यात जॅक्सनने ईटनला थेट युद्धमंत्री केलं.

त्या काळच्या वॉशिंग्टनमध्ये घरभेट हा एक कडक व्यवहार होता. कोण कुणाकडे आधी जायचं, कार्ड कुठे ठेवायचं, किती दिवसांत भेट परत करायची, सगळं ठरलेलं. आपल्याकडे एखाद्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं मुद्दाम न पाठवण्यातून जे कळतं, तेच तिथे भेट परत न करण्यातून कळायचं, आणि तितक्याच नेमकेपणाने. उपराष्ट्राध्यक्ष जॉन कॅल्हून यांच्या बायकोची, फ्लोरीडची, आणि पेगीची भेट झाली. कुणी कुणाच्या घरी आधी पाऊल ठेवलं यावर दोन्ही घरांच्या कहाण्या जुळत नाहीत. कॅल्हून सांगतात, ईटन जोडपं आमच्याकडे आलं, मी घरी नव्हतो, फ्लोरीडने त्यांचं नीट स्वागत केलं आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं की मी ही भेट परत करणार नाही. पेगी म्हणते, आधी तेच आले होते. दोन्हींपैकी काहीही खरं असो, त्यानंतर फ्लोरीड दक्षिण कॅरोलायनाला निघून गेली आणि तिने दिलेली तऱ्हा बाकीच्यांनी उचलली. अर्थमंत्री इंगहॅमची बायको, नौदलमंत्री ब्रँचची बायको, अ‍ॅटर्नी जनरल बेरियनच्या मुली, कुणीच पेगीच्या घरी जाईना. शेवटी अध्यक्षांच्या स्वतःच्या घरात एमिलीही.

या बायकांना दुष्ट ठरवणं सोपं आहे, आणि पूर्वी ते बरेचदा केलं गेलं. मला तसं करवत नाही. त्यांच्या हातात ना मत, ना मालमत्ता, ना न्यायालय. शील हे एकच नाणं चालत होतं आणि त्या नाण्याची किंमत टिकवायची तर खोटं नाणं बाजारात येऊ द्यायचं नाही, हा त्यांचा हिशेब निर्दय असला तरी हिशेबच होता. गंमत अशी की त्यांचे नवरे ज्या ईटनबरोबर रोज मंत्रिमंडळात बसत होते, त्याच्याबद्दल मात्र कुणालाच काही अडचण नव्हती.

जॅक्सनला यात फक्त रेचेल दिसत होती. तेच आरोप, तशाच कुजबुजी, आणि त्याच्या मते तेच कारस्थानी लोक. फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक इझरा स्टाइल्स ईली यांनी मार्च १८२९ मध्ये त्याला पत्र लिहून पेगीबद्दल ऐकलेलं सगळं कळवलं. राज्यकारभार सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. जॅक्सनने एखाद्या खटल्यासारखी लांबलचक उत्तरं लिहिली, साक्षी गोळा केल्या. पेगी आणि ईटन न्यूयॉर्कच्या हॉटेलात नवराबायको म्हणून उतरले होते, या अफवेचा माग तिथपर्यंत काढला गेला. टिंबरलेक समुद्रावर असताना पेगीला गर्भपात झाला, असं वॉशिंग्टनचेच पाद्री जॉन कॅम्पबेल सांगत होते. जॅक्सन तारखा तपासू लागला, टिंबरलेक कोणत्या साली कुठे होता याची कागदपत्रं मागवू लागला. देशाचा राष्ट्राध्यक्ष एका बाईच्या पाळीचा आणि नवऱ्याच्या प्रवासाचा मेळ घालत बसला होता. बचावासाठीच, पण त्या बचावानेही तिची राहिलीसाहिली लाज टेबलावर मांडलीच.

१० सप्टेंबर १८२९ ला त्याने मंत्रिमंडळाची बैठक बोलावली. विषय एकच. ईटनला वगळून बाकीचे मंत्री, आणि समोर ते दोन धर्मोपदेशक. ईली म्हणाले, ईटन यांच्याविरुद्ध काही पुरावा नाही. जॅक्सन म्हणाला, आणि मिसेस ईटनविरुद्धही नाही. ईली म्हणाले, त्याबद्दल मी मत न दिलेलं बरं. त्यावर जॅक्सन कडाडला, की ती कुमारिकेइतकी पवित्र आहे! दोन मुलींची आई आणि दुसऱ्यांदा लग्न झालेली बाई. कुणाला हसू आलं असेल तरी त्या खोलीत ते गिळावंच लागलं असणार.

बैठकीने काही फरक पडला नाही. जानेवारी १८३० मध्ये जॅक्सनने केंटकीचे खासदार रिचर्ड मेंटर जॉन्सन यांना मध्यस्थ म्हणून इंगहॅम, ब्रँच आणि बेरियन यांच्याकडे धाडलं. निदान मोठ्या समारंभांना तरी पेगीला बोलावत जा, असा निरोप. निरोपात राजीनाम्याची धमकी होती की नव्हती यावर पुढे वर्तमानपत्रांतून रणं माजली. या जॉन्सनचं नाव ध्यानात ठेवा.

पेगीकडे जाणारा एक माणूस होता, परराष्ट्रमंत्री मार्टिन व्हॅन ब्युरेन. त्याची बायको दहा वर्षांपूर्वीच वारली होती, मुलगी नव्हती, चार मुलगेच. घरात ‘मी नाही जाणार’ म्हणणारं कुणी नाही! तो पेगीला भेटायला गेला, तिच्यासाठी मेजवान्या दिल्या. ब्रिटिश वकील व्हॉन आणि रशियन वकील क्रूडनर हे दोघंही एकटेच. त्यांच्या नृत्यसमारंभांत पेगीला मानाचं पान मिळू लागलं. अ‍ॅडम्सने आपल्या रोजनिशीत खवचटपणे नोंदवलं, की सरकारात आता दोन पक्ष झालेत, नीतिमानांचा पुढारी कॅल्हून आणि घसरलेल्या भगिनींचा पुढारी व्हॅन ब्युरेन. पराभूत माणसाला टिंगल करायला वेळ भरपूर असतो.

व्हॅन ब्युरेनला पेगीबद्दल सहानुभूती नव्हती असं मी म्हणणार नाही. पण जॅक्सनचं मन जिंकायची वाट कुठून जाते, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला उमगलं नव्हतं. कॅल्हूनची घसरण दुसऱ्या वाटांनीही चालूच होती. १३ एप्रिल १८३० ला जेफर्सनच्या जयंतीच्या मेजवानीत जॅक्सनने कॅल्हूनकडे बघत पेला उंचावला: ‘आपला संघ, तो टिकलाच पाहिजे.’ कॅल्हूनने उत्तर दिलं: संघ, पण आपल्या स्वातंत्र्याच्या खालोखाल. केंद्राचा जकातीचा कायदा कॅल्हूनच्या दक्षिण कॅरोलायना राज्याने झुगारावा की नाही, हा त्यामागचा प्रश्न. त्यानंतर लगेच जॅक्सनच्या हाती एक पत्र लागलं, की १८१८ मध्ये त्याने तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या फ्लोरिडावर चाल केली तेव्हा मंत्रिमंडळात त्याला शिक्षा करावी म्हणणारा कॅल्हूनच होता. इतकी वर्षं तो कॅल्हूनला आपला पाठीराखा समजत होता.

म्हणून पेगीमुळेच सगळं झालं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. जकातीवरून ते दोघं फुटलेच असते. पण मतभेदाचं वैर व्हायला जे लागतं, ते त्या न फेडलेल्या भेटीने पुरवलं.

१८३१ च्या वसंतात व्हॅन ब्युरेनने घोड्यावरच्या रपेटीत जॅक्सनला सुचवलं, की मीच राजीनामा देतो. जॅक्सनला ते आवडलं नाही, मग पटलं. ईटन म्हणाला, मग जायला तर मीच हवं. दोघांनी एप्रिलमध्ये राजीनामे दिले आणि त्यांच्या आडून जॅक्सनने इंगहॅम, ब्रँच, बेरियन यांनाही घालवलं. सहा जणांत एकटा पोस्टमास्तर जनरल बॅरी राहिला. देशाने असं काही पाहिलं नव्हतं. जूनमध्ये ईटनने इंगहॅमला द्वंद्वाचं आव्हान दिलं. इंगहॅमने पहाटेची घोडागाडी पकडून शहर सोडलं. पुढे व्हॅन ब्युरेनची इंग्लंडला वकील म्हणून झालेली नेमणूक सिनेटपुढे आली आणि मतं समसमान पडली. निर्णायक मत कॅल्हूनचं. त्याने विरोधात टाकलं. आता हा मेलाच, पुन्हा लाथ झाडणार नाही, असं तो म्हणाल्याचं सिनेटर बेंटनने ऐकलं. बेंटन मात्र दुसऱ्याला म्हणाला, तुम्ही एक वकील मोडलात आणि एक उपराष्ट्राध्यक्ष निवडून दिलात. झालंही तसंच: १८३२ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष, १८३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष. कॅल्हूनने डिसेंबर १८३२ मध्ये राजीनामा दिला.

पेगीचं पुढचं थोडक्यात सांगते. ईटन फ्लोरिडाचा गव्हर्नर झाला, मग स्पेनमध्ये वकील. पेगीला माद्रिद मानवलं. १८४० मध्ये ईटन जॅक्सनच्या विरोधी पक्षाला जाऊन मिळाला, इतकं सगळं झाल्यावर! तो वारल्यावर एकोणसाठाव्या वर्षी पेगीने नातवंडांच्या नृत्यशिक्षकाशी लग्न केलं. बुचिन्यानी हा विशीतला इटालियन तिचे पैसे आणि तिची नात दोन्ही घेऊन पळाला. १८७९ मध्ये ती वॉशिंग्टनमध्येच वारली. आपली कहाणी तिने सांगून लिहून घेतली होती, त्यात पश्चात्तापाचा सूर नाही. मला ती त्यामुळे आवडते.

नॅशविलजवळचं ‘हर्मिटेज’, जॅक्सनचा मळा, मी पाहिला आहे. बागेत खांबांवर घुमट तोललेली छत्री आणि तिच्याखाली दोघांच्या समाध्या. रेचेलच्या शिळेवर लिहिलंय, की इतक्या सौम्य आणि सद्गुणी जिवाला निंदा जखमी करू शकली, पण कलंकित करू शकली नाही. माझ्याबरोबरच्या बायका ते वाचून हळव्या झाल्या. तिथून चार पावलांवर आणखी एक दगड आहे, आल्फ्रेड जॅक्सनचा. हा याच मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला आणि १९०१ पर्यंत इथेच राहिला. उतारवयात येणाऱ्या पाहुण्यांना हेच घर फिरून दाखवायचा. त्याची लाकडी खोली अजून उभी आहे. जॅक्सनकडे अखेरीस असे दीडशेच्या आसपास माणसं मालकीची होती. त्यातल्या बायकांच्या अब्रूसाठी कुणी साक्षी गोळा केल्या नाहीत, कुणी तारखा तपासल्या नाहीत.

पेगीचं प्रकरण ऐन भरात होतं तेव्हाच, २८ मे १८३० ला, जॅक्सनने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. प्रतिनिधिगृहात तो १०२ विरुद्ध ९७ असा जेमतेम निसटला होता. त्याच्या विरोधात कॅथरीन बीचर हिने बायकांना हाक दिली आणि अमेरिकेत प्रथमच ठिकठिकाणच्या बायकांनी सह्या करून काँग्रेसला अर्ज धाडले. बेंटनने त्यांची सिनेटमध्ये टर उडवली. आठ वर्षांनी चेरोकी लोकांना घरांतून हुसकावलं गेलं. सुमारे १६ हजारांपैकी ४ हजारांच्या आसपास छावण्यांत आणि वाटेत दगावले. अर्थातच त्यात बायका होत्या. बायकांशी लढाई मी करत नाही, असं लिहिणारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या मनात बायका म्हणजे कोण, एवढंच ते वाक्य सांगतं.

आणि तो मध्यस्थ जॉन्सन. ज्या वेळी तो मंत्र्यांच्या घरी जाऊन पेगीला समाजात घ्या म्हणून सांगत होता, त्या वेळी केंटकीत त्याचं घर, शेती आणि हिशेब ज्यूलिया चिन सांभाळत होती. ती त्याला वडिलांकडून वारशात मिळालेली गुलाम. तो तिला बायको मानायचा, लपवायचा नाही; दोन मुलींना त्याने आपलं नाव दिलं, शिकवलं, गोऱ्या जावयांना जमिनी दिल्या. तिला स्वतंत्र मात्र केलं नाही. १८३३ च्या पटकीत ती गेली. १८३६ मध्ये व्हॅन ब्युरेनबरोबर जॉन्सन उपराष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, तेव्हा विरोधकांनी ज्यूलियावरून टर उडवली. गुलाम बाईला घरात ठेवणारे दक्षिणेत ढिगाने होते. याने तिला बायको म्हटलं, हे लोकांना पचलं नाही. व्हर्जिनियाच्या २३ निर्वाचकांनी व्हॅन ब्युरेनला मत दिलं आणि जॉन्सनला नाकारलं. त्याला १४७ मतं पडली, बहुमताला एक कमी. इतिहासात एकदाच असं झालं, की उपराष्ट्राध्यक्ष सिनेटला निवडावा लागला. ८ फेब्रुवारी १८३७ ला ३३ विरुद्ध १६ मतांनी त्यांनी जॉन्सनला निवडलं. १८४० च्या अधिवेशनात पक्षाने व्हॅन ब्युरेनला पुन्हा उभं केलं, पण जोडीला जॉन्सनचं नाव घ्यायचं धाडस होईना. नवं नाव ठरवायचीही पंचाईत, म्हणून उपराष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणालाच उमेदवारी दिली नाही.